पडद्यावरचं कासव

"मॅडम, मेसेज इग्नोर करा," असं त्या सर्व्हिस सेंटरच्या माणसाने मला अगदी प्रेमाने सांगितलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात टॅब, आणि चेहऱ्यावर हसू. मी आयुष्यभर सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगाच्या तासाला एखाद्या मुलीने 'इग्नोर करा' असं उत्तर दिलं असतं, तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. या माणसाला कुठे उभं करणार? मी किल्ली उचलली आणि पाय आपटत बाहेर आले. आजही तो शब्द आठवला की माझी कानशिलं तापतात.

गाडी माझीच, विजेवर चालणारी. निवृत्तीनंतर घेतली, पण हौस म्हणून नाही. माझा मोठा भाऊ मैंदर्गीत राहतो. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिस लागतं. जवळ अक्कलकोटला पाळी मिळेना, म्हणून सोलापूरच्या रुग्णालयात सकाळची वेळ घ्यावी लागली. एसटीने जाताना माणूस कसाबसा जातो, पण यंत्रावरून उठल्यावर त्याच्या अंगात उभं राहायची ताकद नसते. मग मी पहाटे सोलापुरातून निघायचं, मैंदर्गीतून दादाला घ्यायचं, रुग्णालयात सोडायचं, चार तास बाकावर बसायचं आणि पुन्हा त्याला घरी पोचवायचं. एवढ्या फेऱ्या पेट्रोलवर परवडणाऱ्या नव्हत्या. घरी रात्रभर चार्ज करायची आणि सकाळी निघायचं, हे बरं वाटलं.

"माझ्याकडे राहायला ये," असं मी त्याला किती वेळा म्हणाले असेन. पण बहिणीच्या दारात आजारपण काढायचं नाही, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. वहिनीच्या शेळ्या आहेत, ती हलणार नाही, हेही त्याचंच कारण. वहिनीला कुणी विचारलंही नव्हतं. दादा म्हणजे सगळा असाच. जन्मभर ट्रक चालवला. दुधनीच्या बाजारातली तूर, हंगामात अकलूजकडचा ऊस, मिळेल तो माल मिळेल तिकडे नेला. ट्रक गेला, तब्येत गेली, पण मिजास कुठे गेली नाही. माझ्या गाडीत तो पुढच्या सीटवर बसायचा आणि पूर्ण रस्ताभर त्याचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत राहायचा.

"आवाजच न्हाय की हिला," पहिल्या दिवशी तो म्हणाला होता. "गाडी हाय का शिलाई मशीन?"

"शिलाई मशीनला आवाज असतो," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय की. त्याच्याबी खालची हाय."

असं असलं तरी गाडीचा त्याला लळा लागला होता. दारात उभी राहिली की तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा आणि चाकांना लाथ मारून हवा बघायचा. माझा नवरा नाही आणि मुलगी लांब आहे, त्यामुळे माझ्या गाडीची एवढी चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं. मला ते आवडायचं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला जे बोलले ते ऐकून कुणाला वाटेल की या बाईला भावाची कदरच नाही.

पहिल्यांदा कासव दिसलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. आम्ही मैंदर्गीतून निघालो होतो, अक्कलकोट मागे पडलं होतं. समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला, खाली इंग्रजीत ओळ आली की कूलिंग सिस्टीम तपासा, आणि तिच्याशेजारी एक छोटं कासव उगवलं. मी ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी वेग घेईना. मागून येणारा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे गेला. आमच्या गाडीला बॅटरी भरपूर होती, कुठे आवाज नव्हता, वास नव्हता, फक्त जोर गेला होता. हे कासव म्हणजे गाडी सांगते की मी गरम झाले आहे, आता मी स्वतःला वाचवण्यासाठी हळू चालणार. पुस्तिकेत तसं लिहिलेलं मी नंतर वाचलं.

दादाने पडद्याकडे बघून हात जोडले.

"कासव हाय की गं. देवासमूर असतंय ते. चांगलंच की."

"दादा, हे देवळातलं नाही. गाडी बिघडली आहे."

"मग कासव कशाला दावतील? साप दावतील."

त्या दिवशी सावलीत थोडा वेळ थांबलो, कासव गेलं, आणि आम्ही उशिरा का होईना पोचलो. दादाला रुग्णालयात सोडून मी तशीच सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे त्या इस्त्रीवाल्या सल्लागाराने गाडीला आपलं यंत्र जोडलं, पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "एक जुना कोड होता मॅडम, क्लियर केलाय. सॉफ्टवेअर पण अपडेट केलं."

"कसला कोड?"

"तसा काही नाही. टेंपरेचरचा."

"का आला होता?"

"आता क्लियर झालाय ना मॅडम."

मुलींनी फळ्यावरचा प्रश्न उतरवून घ्यायच्या आत कुणी फळा पुसून टाकावा, तसं ते होतं. मी तिथेच त्याला विचारलं की कारण कळल्याशिवाय पुसलं कसं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मागच्या रांगेतल्या पुरुष गिऱ्हाइकाकडे बघून हसला. मग विचारलं, "गाडी तुम्हीच चालवता का?" हा प्रश्न एखाद्या पुरुषाला विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. मी चालवते, तर दोष माझ्या पायात असणार, असं त्याच्या डोक्यात आधीच ठरलं होतं.

पुढचे काही आठवडे गाडी शहाण्यासारखी चालली. मग पुन्हा एका सकाळी, तोच रस्ता, तेच कासव. या वेळी मी पडद्याचा फोटो काढला आणि सल्लागाराच्या नाकासमोर धरला. त्याचं उत्तर तयार होतं. "सोलापूरचं ऊन आहे मॅडम. गाडी तरी काय करणार?"

सोलापूरचं ऊन! अहो, सोलापुरात ऊन असतं हे गाडी विकताना माहीत नव्हतं का? विकणारा माणूस मला एसी लावून बाळ्याच्या पुलापर्यंत फिरवून आणत होता तेव्हा हे ऊन कुठे गेलं होतं? आणि कासव आलं ते सकाळी, भर दुपारी नाही. रुग्णालयातून परत येताना, डांबर वितळायच्या वेळेला, हीच गाडी मजेत पळते आणि पहाटेच्या गारव्यात हिला ताप येतो, हे कुठल्या उन्हात बसतं? मी एवढं सगळं बोलले. तिथेच तो म्हणाला, "मॅडम, मेसेज इग्नोर करा. थोडा वेळ थांबलं की जातोच आहे ना?"

हो, जातो. मीही जाते, तुम्हीही जाता, सगळेच जातात. पण माझ्या गाडीत जो माणूस बसतो त्याला थोडा वेळ थांबणं परवडत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. माणसं ऐकत नसताना जशी हलवतात तशीच.

तिसऱ्यांदा गाडी वळसंगच्या अलीकडे थांबली. या वेळी ती नुसती हळू झाली नाही, चक्क रांगायला लागली. रस्त्याच्या कडेला घेतली तेव्हा उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला आणि ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं. कासव पिवळं होतं ते आता लाल झालं होतं. दादाचं अंग आधीच फुगलेलं होतं. डायलिसिसच्या आधी असंच होतं, अंगातलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते. बोलताना त्याला धाप लागत होती. तो सीट मागे करून पडला होता आणि तरी म्हणत होता, "बंद कर, थोडा टाइम जाऊ दे. गरम झाली आसंल. ट्रकबी असाच व्हायचा."

मी बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. रुग्णालयात फोन केला. तिकडून सांगितलं की वेळेत आला नाहीत तर पुढचा रुग्ण यंत्रावर घेतील, मग संध्याकाळीच बघू. मी रस्त्यावर हात करून एक जीप थांबवली, दादाला तिच्यात चढवलं. चढवताना त्याच्या पायाला हात लागला तर माझं बोट त्याच्या घोट्यात रुतलं आणि खड्डा तसाच राहिला. सोलापुरात पोचलो तेव्हा त्याची पाळी गेली होती. तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होता, ओठ निळसर पडले होते, आणि आत घेतल्यावर डॉक्टर माझ्यावर ओरडले. अजून थोडा उशीर झाला असता तर छातीत पाणी भरलं असतं, असं म्हणाले. बरोबरच बोलले ते. पण त्यांचा ओरडा मी खाल्ला आणि तो इस्त्रीवाला तिकडे एसीत बसला होता, हे मला काही केल्या गिळवेना.

गाडी दुसऱ्या दिवशी क्रेनच्या ट्रकवर लादून सर्व्हिस सेंटरला नेली. आधी मात्र मी वळसंगला जाऊन स्वतः बॉनेट उघडलं. आतापर्यंत उघडलं नव्हतं. पेट्रोलच्या गाडीत तेल बघतात, पाणी बघतात, इथे बघायला काय आहे म्हणून कधी वेळच आली नव्हती. जाड नारिंगी वायरींना हात लावायचा नाही एवढं मला ठाऊक होतं. त्यातून जी वीज वाहते ती माणसाला जागच्या जागी संपवते. मी नुसती वाकून बघत उभी राहिले.

आणि मला मुंग्या दिसल्या. तांबड्या, बारीक. चाकाजवळून एक रांग वर चढत होती, प्लॅस्टिकच्या टाकीला वळसा घालत होती आणि एका काळ्या प्लगच्या तोंडात शिरत होती. दुसरी रांग तिथूनच बाहेर येत होती. बाकी एवढी मोठी जागा, इतक्या नळ्या, इतक्या वायरी, पण मुंग्यांना दुसरं काही नको होतं. मुंग्या विनाकारण कुठे जात नाहीत. साखरेचा डबा कुठे सांडला आहे हे शोधायचं असेल तर मी घरीही त्यांच्याच मागे जाते.

सर्व्हिस सेंटरला मी त्या प्लगकडे बोट दाखवून उभी राहिले.

"हा उघडा. माझ्यासमोर."

"मॅडम, मुंग्या कुठेपण असतात," सल्लागार म्हणाला. "मेकॅनिकला वेळ मिळाला की तो..."

"आत्ता," मी म्हणाले. "हा प्लग उघडेपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि हलवायला कुणी आलं तर मी इतक्या मोठ्याने ओरडेन की तुमच्या शोरूममध्ये बसलेली सगळी नवी गिऱ्हाइकं बाहेर येतील. मी वर्गात साठ मुलींना माइकशिवाय शिकवलं आहे."

हे मी खरंच मोठ्याने बोलले होते. दोन गिऱ्हाइकं बाहेर आलीच. मग मेकॅनिक आला, त्याने गाडीची वीज नीट बंद केली, थोडा वेळ थांबला आणि प्लग ओढला. ओढावाही लागला नाही. प्लगची क्लिप बसलेलीच नव्हती, अर्धवट टेकवलेली होती, आणि आतल्या पितळी पिना हिरव्यागार आणि चिकट झाल्या होत्या. हा प्लग थंड पाणी फिरवणाऱ्या पंपाचा होता. पिना कधी टेकायच्या, कधी नाही. पंप कधी चालायचा, कधी नाही. पंप थांबला की आतलं गरम व्हायचं आणि कासव यायचं. सेंटरमध्ये त्यांनी यंत्र लावलं त्या त्या वेळी पंप नेमका चालत होता, म्हणून त्यांच्या मते मी वेडी होते. पहाटेच का, तेही कळलं. रात्रभरच्या गारव्याने तो चिकटा घट्ट व्हायचा आणि सकाळी पंप उठायचाच नाही; जाताना गाडी निभावून न्यायची, दादाला घेऊन येताना तापायची. दुपारच्या उन्हात तो पातळ व्हायचा, पिना पुन्हा टेकायच्या. म्हणजे ऊन माझ्या बाजूने होतं!

"ही क्लिप तुमच्याशिवाय कोण उघडणार? पहिल्या सर्व्हिसिंगमध्येच ना?" मी विचारलं. सल्लागाराने टॅबमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला घेतलं.

"पण मॅडम, आत पाणी गेलंय," तो शेवटी म्हणाला. "नुसत्या पाण्याने असं होत नाही. काहीतरी चिकट आहे."

मी वाकून बघितलं. प्लगच्या कडेला एक तपकिरी धागा चिकटला होता, आणि बाजूच्या झाकणावर लालसर डाग होता. मी बोट लावलं. कुंकू. धागा नारळाच्या शेंडीचा.

"हे तुम्हाला दोन वेळा दिसलं नाही?"

"कुंकू तर सगळ्याच गाड्यांना असतं मॅडम," मेकॅनिक म्हणाला. "आमी पुसतो रोज."

ते खरं होतं. सोलापूर जिल्ह्यात कुंकू न लागलेली गाडी शोधायची तर शोरूममध्येच जावं लागेल, आणि तिथूनही ती बाहेर पडताना लावूनच पडते. बघून बघून कुणाला ते दिसतच नव्हतं. मलाही कळायला तेवढाच वेळ लागला, जेवढा वेळ एका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागतो.

दर अमावास्येला दादा गाडीची पूजा करतो. ट्रक होता तेव्हापासूनची रीत आहे. इकडचा कुठलाही ड्रायव्हर चुकवत नाही. हळदकुंकू, लिंबू, नारळ. अमावास्येच्या आसपासच्या फेरीला माझी गाडी दारात लागली की मी वहिनीकडे आत चहाला जायची आणि तो किल्ली घेऊन बाहेर राहायचा. मला वाटायचं चाकापुढे नारळ फोडतो. बॉनेटचा खटका कुठे आहे हे मला पुस्तिकेत बघावं लागलं होतं, पण ज्याने जन्मभर गाड्यांचीच तोंडं उघडली त्याला ते शोधायला कितीसा वेळ लागणार? कासव तिन्ही वेळा अमावास्या झाल्यावर दोनचार दिवसांनी आलं होतं. मैंदर्गीच्या रस्त्याला लागल्यावर मी हे सगळं जुळवत गेले आणि जुळत गेलं तसा माझा पाय ॲक्सिलरेटरवर जड होत गेला. नवा प्लग बसला होता. गाडी सुसाट पळत होती, तिला काहीही झालं नव्हतं.

दादा ओट्यावर बसला होता. वहिनी शेळीच्या पिल्लाला पाजत होती. मी गाडीतून उतरतानाच सुरू केलं.

"नारळाचं पाणी बॉनेटच्या आत ओततोस?"

"ओतत न्हाय. शिंपडतो," तो म्हणाला. "इंजनाला."

"इंजिन नाही तिच्यात, दादा! इंजिनच नाही!"

"मग ती चालती कशी?"

"मोटारीवर!"

"मग मोटारीला शिंपडलं आसं समज. कशाला वरडायलीस? ट्रकवर वीस वर्सं शिंपडलंय. डिझेलचं इंजन तापल्यालं असायचं, पाणी पडलं की चर्र करून जायचं. एक थेंब ऱ्हायचा न्हाय."

तिथेच सगळं होतं. ट्रकचं इंजिन नारळाचं पाणी जाळून टाकायचं. माझ्या गाडीच्या बॉनेटखाली तसं तापणारं काही नाही, म्हणून ते पाणी तिथेच राहिलं, मुरलं, चिकट झालं, हिरवं झालं. मला हे समजत होतं. एरवी मी ते त्याला शांतपणे सांगितलं असतं, कागदावर काढून दाखवलं असतं. पण त्या दिवशी माझ्या बोटाला त्याच्या घोट्यातला खड्डा अजून जाणवत होता.

"तू त्या दिवशी मेला असतास," मी म्हणाले. "तुझ्याच नारळाने. कळतंय का तुला? डॉक्टर मला म्हणाले की छातीत पाणी भरलं असतं."

"गाडीसाठी केलं मी. तुला काय व्हायला नको म्हणून केलं."

"मला काय व्हायचंय! व्हायचं ते तुला झालं. आणि तेही असंच झालं. पाय सुजले तेव्हा कुणाला सांगितलंस? वर्षभर सुजत होते. चांभाराकडून चपलेचे पट्टे सैल करून आणलेस, पण बोलला नाहीस. ब्लडप्रेशरच्या गोळ्या ट्रकच्या कप्प्यात पडून राहिल्या. लघवीला फेस येतोय हे दिसत नव्हतं? गाडी निदान दिवा तरी लावते, दादा. तिला काही झालं तर ती सांगते. तू काय सांगितलंस? मी इथे सोलापुरात बसले होते, विज्ञान शिकवत, आणि माझा भाऊ आत आत बंद पडत होता आणि मला काही माहीत नव्हतं!"

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला. गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या आणि मला बघून परत आत गेल्या. वहिनीने पिल्लू खाली ठेवलं.

"मलाबी सांगितलं न्हाय, वन्सं," ती म्हणाली. "म्या इचारलं की म्हणायचे, डायवरचे पाय सुजत्यातच."

एवढं बोलून ती आत गेली. इतकी वर्षं तिने ते एक वाक्य कुठे ठेवलं होतं कोण जाणे. दादा ओट्यावरून उठला, भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आयतु." झालं, संपलं, असा त्या कानडी शब्दाचा आमच्याकडे अर्थ. आणि तोही आत गेला.

पुढच्या फेरीला मी दारात गाडी लावली तर त्याने तिच्याभोवती फेरी मारली नाही. चाकाला लाथ मारली नाही. मागचं दार उघडलं आणि मागे बसला. माझ्या संपूर्ण आयुष्यात मी त्याला कुठल्याही गाडीत मागे बसलेलं बघितलं नव्हतं. पुढची सीट रिकामी, आणि आरशात माझ्या भावाचं पॅसेंजरसारखं तोंड. मला वाटलं होतं की त्याला बोलून माझं डोकं थंड होईल. उलट मला त्याचाच राग आला. एवढं ऐकून घेतल्यावर एखाद्याने भांडावं की नाही? सोलापूर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पडदा स्वच्छ होता, एक दिवा नाही. त्या फेरीनंतरच्या फेऱ्याही तशाच गेल्या.

अमावास्या आली ती नेमकी डायलिसिसच्या दिवशी. मी सोलापुरातूनच नारळ घेऊन निघाले. घेताना दुकानदाराशी भांडले, कारण त्याने आधी वाजवून न बघता दिला. दादाच्या दारात पोचले तेव्हा तो मागच्या दाराच्या मुठीला हात घालत होता.

"थांब," मी म्हणाले. "आज अमुशा आहे."

"मला ठाव हाय."

"मग?"

"मग काय? तुझी गाडी. तुझं यंत्र. माझा हात लागाय नको."

मी नारळ त्याच्या हातात कोंबला. "बॉनेट उघडायचं नाही. चाकापुढे दगडावर फोड. पाणी जमिनीवर जाऊ दे. आणि ऐक, प्लगची क्लिप त्या लोकांनी नीट बसवलेली नव्हती. बसवली असती तर तुझं पाणी आत गेलंच नसतं. अर्धी चूक त्यांची आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "आन् हे आज सांगतीस व्हय?"

"तू मागे बसलास म्हणून नाही सांगितलं."

तो काही तरी पुटपुटला, वहिनीकडून हळदकुंकू मागून घेतलं आणि डाव्या चाकापुढे वाकला. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुईसाठी नस जोडलेली आहे, त्या हाताने वजन उचलायची बंदी आहे. त्याने उजव्याच हाताने नारळ दगडावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तो हात एके काळी ट्रकची स्टेपनी एकटा उतरवायचा. वहिनी पुढे व्हायला लागली, मी तिचा पदर धरून तिला मागे ओढलं. नारळ कितव्यांदा तरी तडकला, पाणी मातीत गेलं, आणि दादा चाकाला धरून बराच वेळ तसाच वाकून राहिला. मला त्या नारळाचा राग आला, दगडाचा आला, त्या हातातल्या सुजलेल्या नसेचा आला. डोळे पुसायला लागतील म्हणून मी गाडीत जाऊन बसले आणि उगाच आरसा नीट केला.

पुढचं दार उघडलं. दादा पुढे बसला, पट्टा लावला आणि पडद्याकडे बघितलं.

"दिवा लागला का कुटला?"

"नाही."

"मग चल की."

अक्कलकोट गेलं. बाहेर ऊन चढायला लागलं होतं. दादाचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मग तो दाबायचा थांबला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "बाई, पाय लई जड वाटायलाय आज. रातीपासनं. काल सांजच्याला मी पाणी जरा जादाच पिलो."

इतक्या वर्षांत त्याने आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. आणि मी काय केलं? मी ओरडले. किती पाणी प्यायलास, कुणी दिलं, डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं आहे ना, रात्रीच फोन का केला नाहीस, धाप लागते आहे का, खरं सांग. तो एकेकाचं उत्तर देत होता. धाप न्हाय. लोटाभर पिलो. भाकर तिखट झालती. मी अजून ओरडले. वळसंग आलं, मागे पडलं, तरी माझं चालूच होतं. एकदा दम घ्यायला थांबले तर त्याने माझ्याकडे बघितलं.

"बोल की," तो म्हणाला. "गाडी तर चालायलीय."